अणुक्रमांक, अणुवस्तुमान आणि डॉ. भाभा

भारतीय अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव घेताच त्यांनी उभारलेल्या संस्था डोळ्यांसमोर येतात. त्यांच्या कार्यामागील आखणी मात्र शालेय रसायनशास्त्रातील एका साध्या भेदावर आधारलेली होती. तो भेद म्हणजे अणुक्रमांक आणि अणुवस्तुमान यांतील.

मुंबईतील एका सुविद्य पारशी कुटुंबात ३० ऑक्टोबर १९०९ रोजी भाभांचा जन्म झाला. केंब्रिजमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण करून ते भौतिकशास्त्राकडे वळले आणि विश्वकिरणांवरील संशोधनाने त्यांनी जागतिक कीर्ती मिळवली. १९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले असताना दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ते येथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

अणुकेंद्रातील प्रोटॉनांची संख्या म्हणजे अणुक्रमांक. मूलद्रव्य कोणते आणि त्याचे रासायनिक गुणधर्म काय, हे त्यावरून ठरते. प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची एकत्रित संख्या म्हणजे अणुवस्तुमानांक. अणूचे वस्तुमान त्यावर अवलंबून असते. युरेनियमचा अणुक्रमांक नेहमी ९२ असतो, परंतु त्याचे काही अणू २३५ वस्तुमानांकाचे, तर बहुतेक २३८ चे असतात. त्यांपैकी सहज विखंडन पावणारा २३५ हा प्रकार हजार अणूंमध्ये जेमतेम सात एवढाच आढळतो. दोहोंचा अणुक्रमांक एकच असल्याने रासायनिक प्रक्रियेने त्यांना वेगळे काढणे व्यवहारात शक्य नसते. वस्तुमानातील किंचित फरकावर विसंबून २३५ चे प्रमाण वाढवण्याचे तंत्र तेव्हा मोजक्याच बलाढ्य राष्ट्रांच्या हाती होते.

नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाने ऊर्जेसाठी कायम त्यांच्या दारात उभे राहावे काय, हा भाभांपुढील खरा प्रश्न होता. १९५४ मध्ये त्यांनी मांडलेल्या तीन टप्प्यांच्या योजनेत त्याचे उत्तर होते. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियम जसेच्या तसे वापरायचे. अणुभट्टीत २३८ वस्तुमानांकाचा अणू एक न्यूट्रॉन शोषून २३९ चा होतो आणि दोन इलेक्ट्रॉन बाहेर टाकून अखेर प्लुटोनियम बनतो. प्लुटोनियमचा अणुक्रमांक ९४ असल्याने ते रासायनिक प्रक्रियेने युरेनियमपासून वेगळे काढता येते. दुसऱ्या टप्प्यात या प्लुटोनियमवर अणुभट्ट्या चालवायच्या. तिसऱ्या टप्प्यात भारताच्या किनाऱ्यावरील वाळूत विपुल असलेले थोरियम वापरायचे. थोरियमचा अणुक्रमांक ९० आणि वस्तुमानांक २३२ असतो. एक न्यूट्रॉन शोषल्यावर वस्तुमानांक २३३ होतो, दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडल्यावर अणुक्रमांक ९२ होतो आणि विखंडनक्षम युरेनियम तयार होते.

तुर्भे येथे १९५६ मध्ये ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ब्रिटनकडून मिळालेल्या समृद्ध युरेनियमवर सुरू झाली. १९६० च्या ‘सायरस’मध्ये मात्र नैसर्गिक युरेनियम वापरले गेले आणि १९६४ मध्ये तुर्भे येथेच प्लुटोनियम वेगळे करणारा प्रकल्प कार्यान्वित झाला. वीजनिर्मिती लवकर सुरू व्हावी म्हणून तारापूरसाठी अमेरिकी तंत्रज्ञान आणि समृद्ध युरेनियम भाभांनीच स्वीकारले होते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेकडून होणारा त्या इंधनाचा पुरवठा अडचणीत आला आणि पुढे थांबला. परावलंबनाविषयीची त्यांची चिंता किती सार्थ होती, हे त्या वेळी दिसून आले.

ते पाहण्यास भाभा हयात नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्स पर्वतातील मों ब्लां शिखराजवळ झालेल्या विमान अपघातात त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी तुर्भे येथील केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. १९९६ मध्ये कल्पाक्कम येथील ‘कामिनी’ ही छोटी संशोधन अणुभट्टी थोरियमपासून मिळवलेल्या युरेनियम-२३३ वर सुरू झाली. थोरियमवर मोठ्या प्रमाणात वीज निर्माण करण्याचा तिसरा टप्पा मात्र अजून गाठायचा आहे.