डॉ. होमी भाभा आणि मैलापूरची एक वास्तू

डॉ. होमी भाभांना आम्ही अणुशक्तीचे शिल्पकार म्हणून ओळखतो. परंतु त्यांचा मूळ व्यासंग विश्वकिरणांचा. १९०९ साली मुंबईत जन्मलेल्या भाभांनी केंब्रिजला असताना, १९३७ मध्ये हाइटलर यांच्यासह, अवकाशातून आलेल्या एका इलेक्ट्रॉनपासून वातावरणात कणांचा वर्षाव कसा होतो, हे गणिताने उलगडले. १९३९ मध्ये ते सुट्टीवर स्वदेशी आले आणि महायुद्धामुळे परतीची वाट बंद झाली. हताश न होता त्यांनी बंगलोरलाच संशोधन मांडले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. तिच्या संशोधकांनी १९६५ मध्ये जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत, इतर कण खडकात अडतात अशा खोलीवर, वातावरणात उपजलेल्या न्यूट्रिनोंचा माग काढला. पुढच्याच वर्षी, २४ जानेवारीस, विमान-अपघातात भाभांचा अंत झाला.

त्यांच्या हाताखाली विश्वकिरणांचे गणित मांडलेले अल्लादी रामकृष्णन यांनी, भाभांच्या हयातीतच, मैलापुरातील आपल्या ‘एकाम्र निवास’ या घरी भौतिकीची चर्चासत्रे भरविली. त्यांतूनच १९६२ मध्ये मद्रासची गणितीय विज्ञान संस्था जन्मास आली. मुक्काम पडेल तेथेच कार्य उभारणाऱ्या भाभांचे चरित्र, घरापासून दूर राहणाऱ्या आम्हांस म्हणूनच आपलेसे वाटते.