ध्वनीचा जमाखर्च

चित्रपटगृहांतील ध्वनिवर्धकांवर दिसणारी 'जे. बी. एल.' ही अक्षरे जेम्स बी. लान्सिंग यांची. त्यांचा जन्म १९०२ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झाला. मूळ आडनाव मार्टिनी. १९२७ मध्ये, बोलपटांच्या आरंभकाळी, त्यांनी लॉस एंजेलिसला ध्वनिवर्धकांचा कारखाना काढला.

त्यावेळच्या काही कर्ण्यांत खर्जाचा मार्ग लांब व तार स्वरांचा आखूड असे. त्यामुळे नर्तिकेच्या बुटाचा एकच ठोका दोनदा ऐकू येई. एम. जी. एम. चित्रसंस्थेतील जॉन हिलियर्ड यांनी हा दोष मोजून काढला. त्यांच्या नव्या, आखूड कर्ण्यांसाठी लान्सिंग यांनी ध्वनियंत्रे घडविली. आता दोन्ही स्वर एकदम पोचू लागले. १९३६ सालासाठीचा अकादमीचा तांत्रिक पुरस्कार एम. जी. एम.च्या ध्वनिविभागाला मिळाला.

पैशाच्या व्यवहारात मात्र लान्सिंग कच्चे. तो पाहणारे भागीदार केन डेकर १९३९ मध्ये विमान अपघातात गेले आणि १९४१ मध्ये कंपनी आल्टेकला विकावी लागली. १९४६ मध्ये पुन्हा नवी कंपनी, पुन्हा कर्ज! १९४९ मध्ये ४७व्या वर्षी त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपविली. त्यांच्या विम्याच्या रकमेवर कंपनी तगली.

वाणिज्य शाखेच्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याला वाटते, या कारागिराजवळ एखादा चांगला हिशेबनीस टिकला असता तर!