दिव्यात तेल राखणारा सेवक : संत जोसेफ वाझ



उपासना वर्षाचे शेवटचे रविवार आले की मिस्सेत आपल्याला काही ठराविक दाखले ऐकायला मिळतात. कधी दहा कुमारिकांचा, तर कधी मालकाने तीन नोकरांवर सोपवलेल्या पैशांचा. हे दाखले ऐकताना मनात थोडी भीती असते. जगाचा शेवट कधी होणार, कसा होणार, यावर बोलणे सुरू होते. कुणीतरी मोबाईलवर तारीखसुद्धा पाठवून देते. प्रभू येशूने मात्र कुठलीच तारीख सांगितली नाही. त्याने दिवा, तेल, पैसा, नोकर आणि वेळेवर दिलेला शिधा यांच्याच गोष्टी सांगितल्या.

आपल्या भोंगवली भागातल्या शेतकऱ्याला हे दाखले वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. रात्रीची लाईट असली की दारे धरायला शेतावर जावे लागते. लाईट सांगितलेल्या वेळेला येईलच असा भरवसा नसतो. जो संध्याकाळीच बॅटरीत सेल घालून, खोरे हाताशी ठेवून पडतो, त्याचे रान भिजते. लाईट आल्यावर जो सेल शोधायला लागतो, त्याचे रान कोरडे राहते. पाणी येण्याची वेळ आपल्या हातात नाही, पण तयारी आपल्या हातात आहे. दाखल्यांचा अर्थ इतका साधा आहे.

ही तयारी आयुष्यभर कशी करावी, हे एका माणसाने जगून दाखवले. तो परक्या मुलखातला नव्हता. आपल्या शेजारच्या गोव्यातला, आपल्यासारख्याच गावात वाढलेला होता. त्याचे नाव संत जोसेफ वाझ.

स्वतःला दास म्हणवणारा धर्मगुरू

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी सासष्टीतील बाणावली या गावी, आईच्या माहेरी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. या दोन गावांत त्यांचे बालपण गेले आणि सुरुवातीचे शिक्षण झाले. पुढचे शिक्षण गोवा शहरात, म्हणजे आज ज्याला आपण जुने गोवे म्हणतो तेथे झाले. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. गोरगरिबांसारखे राहावे म्हणून त्यांनी पायातले जोडे काढले आणि ते अनवाणी फिरू लागले.

दुसऱ्याच वर्षी, ५ ऑगस्ट १६७७ रोजी, त्यांनी स्वतःच्या हाताने एक पत्र लिहिले. आपण यापुढे पवित्र मरिया मातेचे कायमचे दास आहोत, असे त्यांनी त्यात लिहून दिले. त्या काळी माणसांची खरेदीविक्री होत असे आणि दास असणे म्हणजे काय हे सर्वांना ठाऊक होते. दासाला स्वतःची वेळ नसते, स्वतःची निवड नसते. जोसेफ वाझ यांनी हे आपखुशीने पत्करले. पुढच्या आयुष्यात त्यांनी जे जे केले त्याचे मूळ या कागदात आहे.

घर राखणारे कुणी नव्हते

त्याच सुमारास गोव्यात सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, बातम्या येत होत्या. १६५८ साली डच लोकांनी पोर्तुगिजांकडून जाफना घेतले आणि किनाऱ्यावरची पोर्तुगीज सत्ता संपली. ते भांडण व्यापाराचे आणि राज्याचे होते, पण त्याची किंमत साध्या भाविकांना मोजावी लागली. कॅथलिक धर्मगुरूंना बेटावर बंदी झाली. त्यांना आसरा देणाऱ्याला मरणाच्या शिक्षेची धमकी होती. चर्च डचांनी ताब्यात घेतले. जवळजवळ ३० वर्षे तिथे ना मिस्सा झाली, ना कुणाला पापनिवेदन करता आले. बाळांचा बाप्तिस्मा, मरणाऱ्याचे डोके मांडीवर घेऊन म्हटलेली प्रार्थना, सारे काही घरातल्या माणसांनीच करायचे.

जोसेफ वाझ यांनी तिथे जाण्याची तयारी दाखवली. वरिष्ठांनी मात्र १६८१ साली त्यांना सिलोनऐवजी कानडा मुलखात, मंगळूर-कुंदापूरच्या बाजूला पाठवले. मनात होते एक, काम मिळाले दुसरे. तरीही ते गेले. तिथे चर्चच्या अधिकाराचा मोठा वाद चालू होता. पोर्तुगालच्या राजाच्या हक्काने नेमलेले एका बाजूला आणि रोमहून थेट नेमलेले बिशप दुसऱ्या बाजूला. मोठ्यांच्या वादात भाविकांची उपासमार होत होती. जोसेफ वाझ यांनी दोन्ही बाजूंशी नम्रपणे बोलून मार्ग काढायचा प्रयत्न केला आणि गावोगाव फिरून लोकांना संस्कार दिले, मुलांसाठी शाळा काढल्या. लूकच्या शुभवर्तमानात कारभाऱ्याचे काम सांगितले आहे ते इतकेच, की घरातल्यांना त्यांचा शिधा वेळेवर द्यावा. कारभारी कुणाचा, हा वाद घालण्यात जो वेळ घालवतो त्याच्या घरी माणसे उपाशी राहतात.

१६८४ साली ते गोव्यात परतले. पुढच्या वर्षी ते काही स्थानिक धर्मगुरूंच्या छोट्या मंडळात सामील झाले. त्या काळी युरोपियन संघ आपल्या देशातल्या तरुणांना सहसा घेत नसत. म्हणून या गोवेकर धर्मगुरूंनी एकत्र राहायला सुरुवात केली होती. संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीच्या नमुन्यावर जोसेफ वाझ यांनी या मंडळाला शिस्त लावली.

मध्यरात्रीची हाक

सिलोन मात्र त्यांच्या मनातून गेले नव्हते. १६८६ साली ते जॉन नावाच्या एका सोबत्याला घेऊन गोव्याहून निघाले. तुतिकोरीनला पोहोचून, अंगावर मजुराचे फाटके कपडे चढवून, १६८७ साली ते समुद्र ओलांडून जाफन्याच्या बाजूला उतरले. प्रवासाने आणि उपासमारीने दोघेही आजारी पडले. हगवणीने अंगात त्राण राहिले नाही. ते कोण, कुठले, हे कुणाला माहीत नव्हते. एका बाईने दया येऊन त्यांना पेज दिली, म्हणून ते वाचले.

बरे झाल्यावर प्रश्न असा होता, की कॅथलिक ओळखायचे कसे? भीतीने कुणी बोलत नव्हते. त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागायला सुरुवात केली. जपमाळ पाहून कुणाच्या डोळ्यांत ओळख उमटते का, हे ते पाहत. अखेर एका घरात ती ओळख दिसली. हळूहळू विश्वास बसला आणि सिल्लालै नावाच्या गावात त्यांना आसरा मिळाला. तेथून ते रात्री-अपरात्री बाहेर पडत, घराघरांत मिस्सा करत, पापनिवेदन ऐकत आणि उजाडायच्या आत परतत.

इथे थोडे थांबून विचार करू या. दहा कुमारिकांच्या दाखल्यात हाक मध्यरात्री येते. जाफन्यातही दारावरची थाप मध्यरात्रीच पडत होती. ज्या घरात ३० वर्षे रोज संध्याकाळी आई किंवा आजी मुलांकडून प्रार्थना म्हणून घेत होती, त्या घरात धर्मगुरू आल्यावर दिवा पेटवायला तेल होते. धर्मगुरू नाहीत, चर्च नाही, कुणी विचारणारे नाही, म्हणून ज्यांनी रोजची प्रार्थना सोडली होती, त्यांना जपमाळ ओळखूही आली नसती. सिलोनची श्रद्धा जोसेफ वाझ यांनी पुन्हा फुलवली हे खरे, पण ती तोपर्यंत जिवंत ठेवली होती घरातल्या साध्या माणसांनी. त्यांची नावे कुठल्याही पुस्तकात नाहीत. धन्याला मात्र ती ठाऊक आहेत.

या जागरणाची किंमतही त्यांनी दिली. १६८९ च्या नाताळच्या रात्री मिस्सेसाठी जमलेल्या भाविकांवर डच शिपायांनी धाड घातली. सुमारे २०० जणांना धरले. जोसेफ वाझ त्यांच्या हाती लागले नाहीत. पकडलेल्यांपैकी आठ पुरुषांना बेदम फटके मारले. त्यांतले डॉन पेद्रो नावाचे गृहस्थ मरण पावले, बाकीच्या सात जणांना सक्तमजुरीला लावले. त्या रात्री घरातून निघताना काही वाईट घडेल हे त्यांना माहीत नव्हते. ते फक्त मिस्सेला निघाले होते.

तुरुंगातही काम

यानंतर जोसेफ वाझ पुत्तलमला गेले आणि १६९२ मध्ये कँडीला पोहोचले. कँडीचे राज्य डचांच्या ताब्यात नव्हते, तिथे बौद्ध राजा विमलधर्मसूर्य दुसरा राज्य करत होता. हा पोर्तुगिजांचा हेर आहे, अशी कुणीतरी राजाकडे चुगली केली आणि त्यांना कैदेत टाकले. तिसऱ्या नोकराने भीतीपोटी पैसा जमिनीत पुरला होता. कैदेत पडलेल्या माणसालाही तसे करता आले असते. सुटका होईपर्यंत गप्प बसला असता तरी कुणी दोष दिला नसता. जोसेफ वाझ यांनी कैदेत सिंहली भाषा शिकून घेतली. पहारा थोडा सैल झाल्यावर त्यांनी एक झोपडी बांधून तिथे वेदी मांडली, आणि कँडीतले भाविक तिथे येऊ लागले.

परंपरा असे सांगते की एकदा कँडीत मोठा दुष्काळ पडला. जोसेफ वाझ यांनी चौकात वेदी उभारून, वर क्रूस ठेवून पावसासाठी प्रार्थना केली आणि धो धो पाऊस आला. पाऊस सगळीकडे पडला, पण वेदी आणि ते स्वतः कोरडे राहिले, असे तिथले लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. त्यानंतर राजाने त्यांना राज्यात फिरायची मोकळीक दिली.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. राजा शहर सोडून गेला, लोकही पळाले. आजाऱ्यांना रानात सोडून दिले जात होते. जोसेफ वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो मात्र मागे राहिले. दोघांनी आजाऱ्यांसाठी झोपड्या घातल्या, त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना पाणी पाजले, मेलेल्यांना पुरले. आजारी माणूस ख्रिस्ती आहे की बौद्ध, हे त्यांनी पाहिले नाही. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात कुमारिका आणि नोकर यांच्या दाखल्यांनंतर लगेच शेवटच्या न्यायाचे वर्णन येते. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, आजाऱ्याची विचारपूस. दिव्यातले तेल म्हणजे काय, याचे उत्तर तिथेच आहे.

पुढे गोव्याहून आणखी धर्मगुरू मदतीला आले. १७०५ मध्ये आलेल्या फादर जाकोम गोन्साल्व्हिस यांनी सिंहली आणि तमिळ भाषेत इतके लिहिले की आजही श्रीलंकेत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्याच सुमारास पोपचे प्रतिनिधी द तुर्नों यांनी जोसेफ वाझ यांना बिशप करायचे ठरवले, पण त्यांनी ते नाकारले. दासपत्र लिहून दिलेल्या माणसाला दासाचीच जागा बरी वाटली.

शेवटची रात्र

सतत पायी चालून आणि आजारपणांनी त्यांचे शरीर थकले होते. १६ जानेवारी १७११ च्या रात्री, वयाच्या ५९ व्या वर्षी, कँडी येथे त्यांनी देह ठेवला. गोवा सोडल्यापासून ते एकदाही घरी परतले नव्हते. मरताना सोबत्यांनी त्यांच्याकडे काही उपदेश मागितला. आयुष्यभर जे करायचे टाळले, ते मरणाच्या घडीला सहजासहजी करता येत नाही, एवढेच त्यांनी त्यांना लक्षात ठेवायला सांगितले.

शहाण्या कुमारिकांनी आपले तेल मूर्ख कुमारिकांना का दिले नाही, हा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. थोडे दिले असते तर काय बिघडले असते? याचे उत्तर जोसेफ वाझ यांच्या या शेवटच्या सांगण्यात आहे. ते तेल उसने देता येतच नाही. नवऱ्याने केलेली प्रार्थना बायकोच्या दिव्यात जात नाही, आईची श्रद्धा आपोआप मुलाच्या दिव्यात उतरत नाही. भाऊबंदांशी केलेला समेट, आजारी शेजाऱ्याला नेऊन दिलेली भाकरी, प्रामाणिकपणे भरलेली कामाची पाळी, हे सारे थेंबथेंब साठवावे लागते. मध्यरात्री दुकाने बंद असतात.

२१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबो येथे जोसेफ वाझ यांना धन्यवादित म्हणून जाहीर केले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना कोलंबो येथेच संतपद बहाल केले. त्यांचा सण १६ जानेवारीला असतो.

आपल्यासाठी

आपल्यापैकी कुणी शेतात राबतो, कुणी शिरवळला कारखान्यात जातो, कुणाची मुले पुण्यात शिकतात किंवा नोकरी करतात. सगळ्यांना रोज चर्चला येणे जमत नाही. आपल्या घरी रोज संध्याकाळी एकत्र प्रार्थना होते का? नसेल होत, तर आज रात्री पाच मिनिटांपासून सुरुवात करू या. ज्याच्याशी बोलणे बंद आहे असा कुणी भाऊबंद आहे का? त्याच्या बांधावर जाण्यासाठी शेवटच्या आजाराची वाट कशाला पाहायची? वाडीतल्या एखाद्या एकट्या म्हाताऱ्या माणसाची या आठवड्यात विचारपूस करू या.

हे केले की तारखेची चिंता राहत नाही. धनी आज येवो वा पन्नास वर्षांनी, त्याला आपण कामात सापडू.

हे प्रभू येशू, तुझा सेवक जोसेफ वाझ याला तू जागे ठेवलेस, तसे आम्हांलाही ठेव. आमच्या घरातला दिवा विझू देऊ नकोस. आमेन.

संत जोसेफ वाझ, आम्हांसाठी विनंती कर.