डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १३१ वर्षं आधी सांगलीत एक ‘गेम मास्टर’ होऊन गेला

पुण्यात रविवारच्या दुपारी चार-पाच मित्र टेबलाभोवती जमलेत. वीस बाजूंचा फासा, कागद, पेन्सिली, चहाचे कप. एक जण योद्धा झालाय, एक जण जादूगार, एक जण चोर. पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसलेला पाचवा मात्र घामाघूम. त्याला आज पहिल्यांदाच गेम मास्टर व्हायचंय. जग त्यानं उभं करायचं, राक्षस त्यानं आणायचे, आणि बाकीचे ऐन वेळी काय बोलतील याचा त्याला पत्ता नाही.

हा खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत आणला. पण एकानं गोष्टीचा धागा धरायचा आणि बाकीच्यांनी आपापलं पात्र घेऊन आयत्या वेळी बोलायचं, हा उद्योग मराठी माणसाला नवा नाही. १८४३ साली सांगलीत तो संस्थानिकांसमोर झाला होता. करणाऱ्याचं नाव विष्णु अमृत भावे. मराठी नाटकाचे जनक म्हणून शाळेत ज्यांच्यावर एका मार्काचा प्रश्न येतो, तेच विष्णुदास भावे.

झालं असं की, उत्तर कानडातली एक भागवत मंडळी १८४२ च्या सुमारास सांगलीत खेळ करून गेली. संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांना ती कल्पना आवडली, पण सादरीकरण फारच ओबडधोबड वाटलं. असंच काहीतरी मराठीत, नीटनेटकं करावं असं त्यांच्या मनात आलं. काम कुणाला सांगायचं? विष्णुदासांचे वडील संस्थानच्याच चाकरीत होते. मुलगा पंचविशीच्या आसपासचा. गोष्टी रचायचा नाद, शिवाय हातात कला. लाकडी बाहुल्या घडवण्यात तो तरबेज होता. (त्यांच्या बाहुल्या पुढे शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा खेळवल्या.) काम या मुलाच्या गळ्यात पडलं.

आता अडचण बघा. मराठीत अशा नाटकाचा नमुना नाही. तयार नट नाहीत. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं, ते एका साध्या पण हुशार रचनेवर. तोच दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो.

ती रचना अशी. सूत्रधार आणि त्याचे साथीदार झांजा-मृदंगावर पद म्हणणार. त्या पदात प्रसंग काय, कोण आलं, कशासाठी आलं, एवढं सगळं येणार. पद संपलं की पात्रांनी त्याच्या अर्थाला धरून आपल्या शब्दांत बोलायचं. संवाद लिहिलेले नाहीत. रावणानं धनुष्य उचलायला यायचं हे ठरलेलं, पण येताना तो कोणत्या शब्दांत गुरगुरणार ते त्या नटाच्या तब्येतीवर!

पुण्यातल्या त्या घामाघूम मुलाला इथेच अर्धं उत्तर मिळतं. पहिल्यांदा खेळ चालवणारे बहुतेक जण नेमकी उलटी तयारी करतात. कोण काय बोलेल याची पानंच्या पानं लिहून आणतात आणि खेळाडूंनी पहिल्याच वळणावर दुसरा रस्ता धरला की वही मिटून बसतात. विष्णुदासांनी प्रसंग पक्का केला आणि बोलणं मोकळं सोडलं. तयारी करायची ती जागेची, माणसांची आणि त्यांना काय हवंय याची.

दुसरी गोष्ट म्हणजे आख्यानं. विष्णुदासांनी रामायण, महाभारत, पुराणं यांच्या बाहेर फारसं पाऊल टाकलं नाही. आज ते जुनाट वाटेल, पण तालीम नसलेल्या नटांना बोलतं करायचं तर याहून सोपा मार्ग नव्हता. कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला लक्ष्मण कसा चिडतो हे शिकवावं लागत नाही. नवा गेम मास्टर मात्र हौसेनं नऊ राज्यं, चार हजार वर्षांचा इतिहास आणि उच्चारता न येणारी नावं घेऊन येतो. खेळाडू गप्प. त्यापेक्षा घाटावरचा एखादा पडका किल्ला, पायथ्याचं गाव आणि रात्री माचीवर दिसणारा उजेड एवढं दिलं, तर पुण्यातली पोरं पाच मिनिटांत दोर, मशाली आणि वाटाड्याची चौकशी सुरू करतील.

नाटकाच्या सुरुवातीचा भागही बघण्यासारखा आहे. आधी मंगलाचरण. मग अंगाला झाडपाला बांधलेला विदूषक उड्या मारत यायचा आणि सूत्रधाराशी उलटसुलट बोलत लोकांना हसवायचा. त्या बोलण्यातच आज कोणतं आख्यान होणार हे कळायचं. गणपती यायचा, मोरावर बसलेली सरस्वती नाचून जायची, आणि त्यानंतर मूळ कथा. हा सगळा वेळ वाया जात नव्हता. समोरचे सैलावत, काय बघायचं आहे ते त्यांना समजे, नटही अंदाज घेत. टेबलावरच्या खेळात यालाच सेशन झिरो म्हणतात. कॅम्पेन विनोदी की भीषण, पात्रं मेली तर चालेल का, कुणाला कोणता विषय नकोय, हे पहिल्या लढाईआधी बोलून घ्यायचं. नवखे गेम मास्टर घाईत हे टाळतात आणि तिसऱ्या रविवारी भांडणं होतात.

अर्थात दोन्हींत एक मोठा फरक आहे. विष्णुदासांच्या नाटकात धनुष्य रामच मोडणार हे पक्कं होतं. टेबलावर ते फासा ठरवतो आणि फाशाला कुणाची भीड नसते. म्हणून गेम मास्टरला रामाचा फासा पडला तर काय, हेही मनात तयार ठेवावं लागतं.

१८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि राजाश्रय संपला. मंडळी घेऊन विष्णुदास फिरतीवर निघाले. १८५३ साली मुंबईच्या ग्रँट रोडवरच्या थिएटरात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. दरबारात एका माणसाला खूश करायचं होतं, इथे पैसे मोजून आलेल्या अनोळखी गर्दीला. धंदा चालतो हे दिसताच त्यांच्या पद्धतीच्या मंडळ्या गावोगाव निघाल्या.

आणि तिथेच या पद्धतीचं दुखणं उघडं पडलं. संवाद मोकळे, पण धागा धरणारा विष्णुदासांसारखा नाही. मग ज्याचा आवाज मोठा त्याचंच नाटक. राक्षसपार्टी तलवारी आपटत, आरोळ्या ठोकत रंगमंच अडवून बसायची. सीतेचं काम करणारा पोरगा कोपऱ्यात उभा. पुढच्या पिढीनं या नाटकांना ‘अललडुर्र’ असं टोपणनाव दिलं ते त्या आरोळ्यांवरूनच. प्रत्येक टेबलावर अशी एक राक्षसपार्टी असते. दर वळणावर आधी तोच तलवार उपसतो, आणि शांत बसणारी मुलगी तीन तासांत दोनदा फासा टाकते. सूत्रधाराचं खरं काम तेव्हा सुरू होतं. नवं पद म्हणायचं, प्रसंग बदलायचा आणि तिच्याच पात्राला उत्तर द्यावं लागेल असं काहीतरी समोर आणायचं. दार फक्त तिच्या मंत्रानं उघडतं, किंवा म्हातारा फक्त तिच्याशीच बोलतो. एवढंही पुरतं.

१८६० च्या दशकाच्या सुरुवातीला विष्णुदासांनी नाटकाचा धंदा सोडला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणलं. त्यात पदं पात्रांच्या तोंडी आली, संवाद लिहिलेले आले, आणि सगळी गोष्ट वाहून नेणाऱ्या सूत्रधाराची गरज उरली नाही. मराठी नाटक त्यामुळे कितीतरी पुढे गेलं, यात वादच नाही. आयत्या वेळी बोलणारा नट मात्र मागे पडला.

१८८५ मध्ये विष्णुदासांनी आपल्या आख्यानांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ छापला. ९ ऑगस्ट १९०१ रोजी ते वारले. संग्रह उघडला तर सूत्रधाराची पदं ओळीनं सापडतात. त्या रात्री रावण, लक्ष्मण आणि विदूषक काय बोलले ते सापडत नाही, कारण ते कधी कागदावर आलंच नव्हतं.