धुळ्याच्या तुरुंगातील लेखनिक

१९३२ सालचा फेब्रुवारी महिना. कायदेभंगाच्या चळवळीत पकडून आणलेल्या राजबंद्यांनी धुळ्याचा तुरुंग भरून गेला होता. त्या बंद्यांत विनोबा भावे होते. गीतेवर काही सांगावे, अशी सोबत्यांनी त्यांना गळ घातली आणि दर रविवारी एक अध्याय असा क्रम ठरला. पहिले प्रवचन २१ फेब्रुवारीला झाले, अठरावे १९ जूनला. मध्ये एकही रविवार चुकला नाही. श्रोत्यांत जमनालाल बजाज यांच्यासारखे धनवंत होते, तसेच खानदेशच्या खेड्यापाड्यांतून आलेले साधे कार्यकर्तेही होते. या मंडळीत अमळनेरच्या शाळेतील एक माजी शिक्षक कागद-लेखणी घेऊन बसत आणि वक्त्याच्या मुखातून निघालेला शब्द जवळजवळ जसाच्या तसा उतरवून घेत. त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव साने.

आज गीता प्रवचने हा ग्रंथ भारतातील बहुतेक सर्व प्रमुख भाषांत वाचला जातो. ध्वनिमुद्रणाची सोय नसलेल्या त्या काळात एक माणूस शेजारी बसून लिहीत नसता, तर ती अठरा प्रवचने तुरुंगाच्या भिंतींआड विरून गेली असती. विनोबांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या या ग्रंथात साने गुरुजींचे म्हणून एकही वाक्य नाही. जो स्वतः जन्मजात लेखक आहे, त्याने चार महिने दुसऱ्याचे शब्द सांभाळावेत आणि त्यांत आपला शब्द मिसळू देऊ नये, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. गुरुजींच्या चरित्रात या लेखनिकपणाला पुष्कळदा एका ओळीची जागा मिळते. ती फार थोडी आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या पालगड गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी गुरुजींचा जन्म झाला. घराणे खोतांचे, पण वैभव ओसरलेले. शिक्षणासाठी दापोली, औंध आणि पुणे अशी वणवण त्यांच्या वाट्याला आली. पुण्यात नूतन मराठी विद्यालयातून ते मॅट्रिक झाले. दिल्लीकर मराठी वाचकाला हे नाव ओळखीचे वाटेल. त्याच सुमारास, १९१७ साली, आई यशोदा निवर्तली. या मृत्यूची सल त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. पुढे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात गेले. पण ग्रंथांच्या सहवासात त्यांचा जीव रमेना. १९२४ साली त्यांनी तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षकाची नोकरी धरली आणि वसतिगृहाचा भारही अंगावर घेतला.

मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांची अंथरुणे आवरणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे हे सारे ते करीत. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे महत्त्वाचे आहे ते त्यांचे हस्तलिखित दैनिक. ‘छात्रालय’ या नावाचे हे दैनिक गुरुजी स्वतःच्या हाताने लिहून काढीत आणि मुलांसाठी लावून ठेवीत. वसतिगृहातील लहानसहान घटना, थोरांच्या गोष्टी, कविता, देशातील घडामोडी असा त्यात मजकूर असे. छापखाना, संपादक, वर्गणीदार यांपैकी काही नसताना लिहिता येते आणि वाचणारा समोर असला तर लिहिलेले वायाही जात नाही, हा धडा गुरुजींना अमळनेरातच मिळाला. पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिकही निघाले. तुरुंगातील लेखनाची पूर्वतयारी या वसतिगृहाच्या व्हरांड्यात झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा गुरुजींनी नोकरी सोडली. लवकरच शिक्षा झाली. प्रथम धुळे आणि तेथून थेट त्रिचनापल्ली. दक्षिणेच्या त्या तुरुंगात निरनिराळ्या भाषा बोलणारे सत्याग्रही एकत्र कोंडलेले होते. एकाच देशासाठी तुरुंगात आलेल्या माणसांना एकमेकांची गाणी कळत नाहीत, एकमेकांचे संतकवी नावानेसुद्धा ठाऊक नाहीत, हे पाहून गुरुजी अस्वस्थ झाले. नुसता खेद करीत बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते तमिळ शिकू लागले. तिरुवळ्ळुवरांचे कुरल पुढे त्यांनी मराठीत आणले. आंतरभारती या त्यांच्या आयुष्यभराच्या स्वप्नाचे बीज त्रिचनापल्लीच्या बराकीत पडले. महाराष्ट्रापासून दूर, अनेक भाषांच्या शेजारात मुले वाढविणाऱ्या कुटुंबांना या स्वप्नाचे मोल समजावून सांगावे लागू नये.

गांधी-आयर्विन करारानंतर १९३१ साली सुटका झाली आणि वर्षाच्या आत दुसरी शिक्षा आली. या वेळी धुळ्यात विनोबा भेटले. विनोबांनी राजबंद्यांना दळणाच्या कामाला लावले, स्वतःही जात्यावर बसले. त्यांची गीताई त्याच वर्षी धुळ्यातच छापून निघाली. कामाचे घाम गाळणारे दिवस आणि रविवारचे प्रवचन, अशी शिस्त त्या तुरुंगाला लागली. तुरुंग म्हणजे लेखकाला लाभलेला एकांत, अशी एक रम्य समजूत मराठी वाचकांत रूढ आहे. लोकमान्यांनी मंडालेत गीतारहस्य लिहिले, नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात भारताचा शोध घेतला, या गोष्टींनी ती पक्की होत गेली. तुरुंगात कागद हा हक्क नसे, ती सवलत असे. लिहिलेले अधिकाऱ्याच्या नजरेखालून जाई आणि हातचे काढूनही घेतले जाई. एकांताचे म्हणाल तर बराकीत तो मिळणे कठीणच होते. मात्र तेथे ऐकणारे कान भरपूर होते, आणि गुरुजींच्या प्रकृतीला हेच मानवले.

धुळ्यानंतर नाशिक. जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी यांच्यासारखे तरुण त्या काळात नाशिकच्या तुरुंगात होते. समाजवादाची चर्चा तेथे दिवसरात्र रंगत असे. अशा वातावरणात, ९ फेब्रुवारी १९३३ या गुरुवारी, गुरुजी आपल्या आईच्या आठवणी लिहावयास बसले. दिवसा तुरुंगातील काम करावे, रात्री आणि पहाटे लिहावे, असा क्रम चालला. सोमवारी १३ फेब्रुवारीच्या पहाटे त्यांनी लेखणी खाली ठेवली. पाच दिवसांत छत्तीस प्रकरणे झाली होती. उरलेली त्यांनी सुटून आल्यावर लिहिली. हेच ते ‘श्यामची आई’. १९३५ साली ते पुस्तकरूपाने आले.

या पुस्तकाची घडण नीट न्याहाळली तर त्याचे मूळ कोठे आहे ते दिसते. त्यातील प्रकरणांना प्रकरण म्हटलेले नाही. प्रत्येकाला रात्र म्हटले आहे. आश्रमातील प्रार्थना आटोपते, मित्र भोवती गोळा होतात, श्याम आठवण सांगू लागतो, कोणी मध्येच काही विचारतो, कोणाचे डोळे भरून येतात आणि मंडळी निजावयास जातात. सोबतच्या तरुणांना गोष्टी सांगणाऱ्या माणसानेच असा साचा शोधावा. पुस्तकातील आश्रमाच्या भिंती काढून तेथे बराकीचे गज लावले, तरी फारसे काही बिघडणार नाही. गुरुजींवर भाबडेपणाचा आणि अश्रूंच्या अतिरेकाचा आरोप समीक्षकांनी वेळोवेळी केला आहे. तो सर्वस्वी निराधार आहे असेही नाही. परंतु हे लेखन समोर बसलेल्या, घरापासून तुटलेल्या, आईच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या माणसांच्या मनाशी बोलते आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या अश्रूंचा अर्थ पालटतो.

बंदिवानाला लिहिते करण्याचे प्रयत्न पुढे स्वतंत्र भारतातही झाले. दिल्लीच्या तिहार तुरुंगातील स्त्री-कैद्यांच्या कवितांचा ‘तिनका तिनका तिहार’ हा हिंदी संग्रह २०१३ साली निघाला. तुरुंग प्रशासनाच्या प्रमुख विमला मेहरा आणि पत्रकार-लेखिका वर्तिका नंदा यांनी त्याचे संपादन केले होते. गुरुजींचा काळ आणि तिहारमधील बंदिवास यांत मोठे अंतर आहे. गुरुजी आपल्या मर्जीने तुरुंगात गेले होते आणि बाहेर समाज त्यांची वाट पाहत होता; तिहारमधील कित्येकींची वाट पाहणारे कोणी नव्हते. तरीसुद्धा कोणी तरी ऐकून घ्यावे आणि कागदावर उतरवावे, ही गरज दोन्हीकडे एकच दिसते.

सुटकेनंतर गुरुजींच्या लेखणीला आणि पायांना उसंत राहिली नाही. त्यांचा ‘पत्री’ हा कवितासंग्रह सरकारने जप्त केला. १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी त्यांनी गावोगाव पायपीट केली, कामगारांत आणि शेतकऱ्यांत काम केले. १९४२ च्या चळवळीत ते भूमिगत झाले, पकडले गेले आणि १९४५ पर्यंत पुन्हा गजांआड राहिले. पुस्तकांची संख्या सत्तरच्या पुढे गेली. एवढे लिहूनही, मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी जे उपोषण केले, तेच त्यांच्या जीवनातील सर्वांत मोठे लेखन मानावे, असे म्हणणारे आजही भेटतात. ते मंदिर उघडले.

स्वातंत्र्य आले, पण गुरुजींच्या मनाला स्वास्थ्य आले नाही. गांधीजींची हत्या एका महाराष्ट्रीयाच्या हातून झाली, हा घाव त्यांना सोसवला नाही; त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. आंतरभारतीची कल्पना पुण्याच्या साहित्य संमेलनात मांडून तिच्यासाठी निधी जमविण्यास ते हिंडू लागले. इतरांचे दुःख ऐकून घेणाऱ्या या माणसाला स्वतःचे दुःख मात्र पेलवले नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपल्या हातांनी जीवनयात्रा संपविली. चरित्रकार या ठिकाणी सहसा घाईने पुढे सरकतात. परंतु इतक्या माणसांना आधार देणारा माणूसही आतून एकाकी असू शकतो, हे पालकांनी आणि शिक्षकांनी डोळ्यांआड करू नये.

‘श्यामची आई’वर आचार्य अत्रे यांनी १९५३ साली चित्रपट काढला. वनमालाबाईंनी आईची आणि माधव वझे यांनी बालश्यामची भूमिका केली. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचे ते पहिलेच वर्ष होते. १९५४ साली देशातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक, साऱ्या भारतीय भाषांतील चित्रपटांना मागे टाकून, या मराठी चित्रपटाला मिळाले. नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत उतरलेली ती रात्रींची वही एकवीस वर्षांनी राजधानीत पोचली होती. गुरुजींना जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती.