वसतिगृहे बांधणारा राजा

रमजानमध्ये घरोघरी जकातीचा हिशेब मांडला जातो. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतला अडीच टक्के वाटा गरजूंचा असतो. त्याखेरीज इस्लामने आणखी एका दानाची थोरवी सांगितली आहे. ते म्हणजे सदका-ए-जारिया, देणारा गेल्यानंतरही चालू राहणारे दान. विहीर खोदणे, झाड लावणे, कुणाला शिकवणे ही त्याची उदाहरणे. महाराष्ट्रात असे दान उभे करणारा एक राजा होऊन गेला. तो मुस्लिम नव्हता. ते होते कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात त्यांचा जन्म झाला. नाव यशवंतराव. १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीला ते दत्तक गेले आणि २ एप्रिल १८९४ रोजी, विशीही पूर्ण झालेली नसताना, त्यांनी कारभार हाती घेतला. संस्थानातल्या नोकऱ्या मूठभरांच्या हाती होत्या. बहुजनांची मुले शाळेपर्यंतच पोहोचत नव्हती. खेड्यातून आलेल्या मुलाने शहरात राहायचे कुठे आणि जेवायचे कुठे, खरी अडचण इथेच होती.

१८९६ मध्ये त्यांनी सर्वांसाठी एक वसतिगृह काढले, पण जातिभेदामुळे इतर जातींच्या मुलांना त्यात शिरकाव मिळेना. मग त्यांनी वेगळी वाट धरली. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले. पुढे जैन, लिंगायत, अस्पृश्य मानले गेलेले समाज, अशा एकेका समाजासाठी वसतिगृह उभे राहिले. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानातल्या पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. शिकून आलेल्या मुलाला दार उघडे मिळावे, हा त्यामागचा विचार होता.

मुस्लिम समाज तेव्हा शिक्षणात फार मागे होता. महाराजांनी काही मुस्लिम मुलांची सोय मराठा वसतिगृहातच केली. १९०६ मध्ये शहरातल्या प्रतिष्ठित मुस्लिमांना बोलावून त्यांनी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि तिचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले. वसतिगृहासाठी जागा दिली, बांधकामाला रक्कम दिली, संस्थानच्या जंगलातले लाकूड दिले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. काही धार्मिक स्थळांचे उत्पन्नही या कामाला जोडून दिले. त्यामुळे दरवर्षी दरबारापुढे हात पसरण्याची वेळ संस्थेवर येणार नव्हती. कुराण मराठीत यावे म्हणून त्यांनी त्या काळी २५ हजार रुपये मंजूर केले. सामान्य मुस्लिमाला आपला धर्मग्रंथ रोजच्या बोलीत समजावा, ही त्यांची इच्छा होती. त्यांच्याच दरबारात उस्ताद अल्लादिया खाँ यांची गायकी बहरली.

१९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. पुढच्याच वर्षी धाकटे पुत्र शिवाजी शिकारीतल्या अपघातात गेले. बाप खचला, पण कामे थांबली नाहीत.

नागपूरलाही त्यांचा सहवास लाभला. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला होता. त्यानंतर ३० मेपासून नागपूरच्या कस्तुरचंद पार्कवर अखिल भारतीय बहिष्कृत समाज परिषद भरली. भर उन्हाळ्यात एवढा प्रवास करून महाराज आले आणि त्यांनी तिचे अध्यक्षस्थान भूषवले. एका छत्रपतीने त्या काळी बहिष्कृतांच्या मंडपात येऊन बसणे ही साधी गोष्ट नव्हती. अशा वागण्यापायी त्यांनी आयुष्यभर टीका आणि निंदा सोसली.

६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७ वर्षांचे. संस्थान पुढे विलीन झाले, राजदंड गेला. कोल्हापूरच्या दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग मात्र आजही उभे आहे. खेड्यातून आलेल्या किती मुलांनी तिथे पथारी टाकली, दिव्याखाली अभ्यास केला आणि घरातला पहिला शिकलेला माणूस होऊन ती परतली!

रमजानमध्ये भुकेल्याला इफ्तार घडवणे मोठे पुण्य आहेच. त्याच हिशेबात एखाद्या गरजू मुलाची वर्षाची फी, पुस्तके, राहण्याचा खर्च धरता आला, मग ते मूल कोणत्याही घरचे असो, तर महाराजांनी घालून दिलेला पायंडा पुढे चालू राहील.