खंदकातील पाळक : वुडबाइन विली

पहिल्या महायुद्धाचा इतिहास वाचताना सम्राट, सेनापती आणि तह यांची नावे आपल्यापुढे येतात. परंतु चिखलात उभे राहून ज्यांनी ते युद्ध लढले, त्या सामान्य शिपायांचे दिवस कसे जात असतील, याचा विचार आपण क्वचितच करतो. त्या शिपायांमध्ये जाऊन राहिलेल्या एका देवसेवकाची ओळख आज आपण करून घेऊ या. त्यांचे नाव जेफ्री स्टडर्ट केनेडी. शिपाई त्यांना लाडाने ‘वुडबाइन विली’ म्हणत.

त्यांचा जन्म २७ जून १८८३ रोजी इंग्लंडमधील लीड्स शहरी झाला. वडील एका गरीब वस्तीतील मंडळीचे पाळक होते. घरात नऊ मुले, त्यांत हे सातवे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून १९०४ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी पाळकपणाची दीक्षा घेतली. लहानपणापासून दम्याचा विकार, तरी कामाचा उत्साह अपार. १९१४ मध्ये त्यांचा एमिली यांच्याशी विवाह झाला आणि त्याच वर्षी वूस्टर येथील सेंट पॉल मंडळीची जबाबदारी त्यांनी स्वीकारली. ती कामगारांची वस्ती होती. खिशातील पैसे, अंगावरील कोट, जे हाती असेल ते देऊन ते रिकाम्या हातांनी घरी परतत. एका आजारी माणसासाठी त्यांनी घरातील बिछानाही देऊन टाकला, असे सांगतात.

युद्ध सुरू झाले तेव्हा केनेडी त्याच्या विरोधात नव्हते, हे आपण विसरू नये. प्रत्येक धडधाकट पुरुषाने सैन्यात जावे, असे त्यांनी आपल्या मंडळीला आग्रहाने सांगितले होते. पुढे १९१५ च्या अखेरीस ते स्वतः सैन्याचे पाद्री होऊन फ्रान्सला गेले.

प्रथम त्यांची नेमणूक रुआं येथे झाली. तेथून शिपायांनी भरलेल्या गाड्या आघाडीकडे सुटत. केनेडी शिपायांच्या उपाहारगृहात गाणी म्हणत, त्यांच्यासाठी प्रार्थना करीत, कोणाच्या घरी पत्र धाडायचे असल्यास ते लिहून देत. गाडी सुटण्याच्या वेळी एका झोळीत नवा करार आणि दुसरीत वुडबाइन नावाच्या स्वस्त सिगारेटी घेऊन ते डब्याडब्यापाशी जात. त्यावरूनच त्यांना ते नाव पडले. वाचकहो, तंबाखूची भलावण करावी म्हणून हे सांगत नाही. मरणाच्या वाटेवर निघालेल्या तरुणाला आपली कोणाला तरी आठवण आहे असे वाटावे, एवढाच त्या लहानशा देणगीचा अर्थ होता.

ती गाडी त्यांना कोठे नेत होती? स्वित्झर्लंडच्या सीमेपासून उत्तर समुद्रापर्यंत पसरलेल्या खंदकांच्या रांगेत. तेथे पहाटे आणि तिन्हीसांजेला प्रत्येकाने बंदूक घेऊन सज्ज उभे राहायचे, कारण हल्ला बहुधा त्याच वेळी होई. दिवसा डोके वर काढणे म्हणजे मृत्यू. म्हणून काटेरी तारा दुरुस्त करणे, वाळूची पोती भरणे, अन्न वाहून आणणे ही कामे रात्री चालत. पाणी पेट्रोलच्या डब्यांतून येई आणि त्याला पेट्रोलचाच वास असे. डबाबंद मांस आणि दगडासारखी बिस्किटे हे जेवण. कपड्यांच्या शिवणीत उवा, अंगावरून धावणारे उंदीर, सतत ओल्या राहणाऱ्या पायांना होणारी सडण. आपल्या हिंदी पलटणींनीही १९१४-१५ मध्ये फ्रान्समधील हे खंदक भोगले. आणि मराठा पलटणींचे जवान मेसोपोटेमियात कूटच्या वेढ्यात उपासमारीने गांजले.

अशा ठिकाणी मागे सुरक्षित राहून उपदेश पाठविणे निरुपयोगी आहे, हे केनेडींनी ओळखले. थिओडोर हार्डी नावाचे, वयाची पन्नाशी उलटलेले एक पाद्री त्यांच्याकडे सल्ला विचारण्यास आले. शिपायांसोबत राहा, ते जातील तेथे जा, त्यांचे धोके वाटून घ्या. आघाडीवर तुम्ही नसाल तर तुमचे बोल वाया जातील, असा केनेडींच्या सांगण्याचा आशय होता. हार्डी यांनी तो सल्ला अक्षरशः पाळला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये, युद्ध संपण्यास काही आठवडेच उरले असता, ते जखमांनी मरण पावले.

केनेडींची स्वतःची कसोटी जून १९१७ मध्ये बेल्जियममधील मेसीन येथे लागली. तोफांच्या भडिमारात गोळ्यांनी पडलेल्या खड्ड्यांतून त्यांनी जखमी शोधून काढले. त्यांत आपले होते तसे शत्रूचेही होते. या धैर्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस देण्यात आला. परंतु त्याच रणांगणावर घडलेली दुसरी एक गोष्ट त्यांना पदकाहून मोठी वाटे. भीतीने व्याकूळ होऊन धावत असता ते कशाला तरी अडखळून पडले. पाहतात तो एका खुरट्या, अर्धपोटी जर्मन पोराचे प्रेत. या बिचाऱ्याचा युद्धाशी काय संबंध, असे मनात येते न येते तोच त्यांना त्या पोराच्या जागी वधस्तंभावरील ख्रिस्त दिसला. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील प्रभूचे वचन त्यांच्या अंतःकरणात घुमले. त्यानंतर प्रत्येक रणभूमी त्यांना वधस्तंभच भासू लागली.

देव कसा आहे, असा प्रश्न फ्रान्समधील सुरुवातीच्या दिवसांतच रुग्णालयातील एका जखमी अधिकाऱ्याने त्यांना विचारला होता. त्यांनी खाटेवरील क्रूसमूर्तीकडे बोट दाखविले. पण सर्वसमर्थ देव असा जखमी व पराभूत कसा असेल, हे त्या अधिकाऱ्याला उमगले नाही. दूर सिंहासनावर बसून युद्धे घडविणारा देव केनेडींनाही मान्य नव्हता. आपल्या लेकरांबरोबर दुःख सोसणारा देव त्यांनी १९१८ मध्ये ‘द हार्डेस्ट पार्ट’ या ग्रंथात मांडला. अनेक धर्मपंडितांना तो रुचला नाही. शिपायांच्या बोलीत लिहिलेल्या त्यांच्या कविता मात्र घरोघरी वाचल्या गेल्या.

युद्धानंतर ते युद्धाचे कठोर विरोधक बनले. १९२२ मध्ये लंडनमधील एका मंडळीचे पाळकपद त्यांना मिळाले; पण त्यांचा बहुतेक काळ इंडस्ट्रियल ख्रिश्चन फेलोशिपसाठी गावोगावी व्याख्याने देण्यात जाई. खंदकातून परतलेला शिपाई आता बेकार होऊन रस्त्यावर उभा होता, आणि त्याची बाजू मांडणे हे त्यांनी आपले काम मानले. दमेकरी शरीराला ते श्रम झेपले नाहीत. व्याख्यानांसाठी लिव्हरपूलला गेले असता ते आजारी पडले आणि ८ मार्च १९२९ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, प्रभूच्या घरी गेले. मागे पत्नी व तीन मुलगे होते. वूस्टरमध्ये त्यांच्या अंत्ययात्रेसाठी गोरगरिबांची आणि माजी सैनिकांची दाटी झाली. कोणीतरी शवपेटीवर वुडबाइनचे एक पाकीट ठेवले.

वाचकहो, आपल्याही मंडळ्यांतून मुले सैन्यात जातात. बर्फाच्छादित चौक्यांवर आणि वाळवंटाच्या सीमेवर पहारा देतात. रविवारच्या उपासनेत आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या घरी एकट्या राहणाऱ्या आईच्या दारी आपण शेवटचे केव्हा गेलो? रजेवर आलेल्या जवानाला, तो काय पाहून आला, हे ऐकून घेण्यासाठी आपण कधी वेळ दिला आहे काय? उपदेश करण्याआधी शेजारी जाऊन बसावे, हा केनेडींच्या जीवनाचा धडा आहे. तो गिरविण्यासाठी रणांगणावर जाण्याची गरज नाही. पुष्कळदा आपली गल्ली ओलांडणे पुरेसे असते.